घराला ठाऊक नसलेला दिवस

संदर्भाला हिब्रूत हेक्शेर म्हणतात. खाण्याचा पदार्थ कोशेर, म्हणजे धर्माला चालणारा, आहे असा शिक्का रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, देतात, त्याला म्हणतात हेख्शेर. उच्चारात फरक एवढासाच. त्यामुळे मी डॉक्टरेटसाठी घराच्या हेक्शेरवर काम करते आहे असं पपांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की घर कोशेर ठेवायला एवढं शिकावं लागतं हे नवीनच ऐकतोय, तुझी आई तर शाळेत सातवीपर्यंतच गेली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इस्रायलमध्ये, बेअर-शेवात, बरीच वर्षं प्रोग्रॅमरची नोकरी करून पुन्हा विद्यापीठात शिकायला लागले होते. आई जाऊन दोन उन्हाळे झाले होते. पपा येरुहामला, आम्ही ठाण्याहून आलो तेव्हा मिळालेल्या त्याच सरकारी फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. इथे येण्याआधी ते मुंबईला टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. येरुहामला कारखान्यात दुरुस्तीच्या पाळीवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी मराठी शाळेतून सहावीत उठून आले, म्हणून मराठी माझ्या हाताला राहिली. माझा धाकटा भाऊ आईच्या कडेवर बसून आला. त्याला मराठी सगळी कळते, पण उत्तर तो हिब्रूतच देतो. तो लग्न करून अश्केलोनला स्थायिक झाला होता, तिथे एका बँकेत कामाला होता.

आमच्या प्रयोगशाळेचं स्वप्न त्या काळात जगभर पुष्कळ लोक पाहत होते. संगणक टेबलावरून उठून भिंतीत, दारात, गादीखाली, दिव्याच्या बटणात जाऊन बसेल. दिसणार नाही, पण सगळीकडे असेल. माणसाने त्याला काही सांगायचं नाही, त्यानेच ओळखायचं की हा माणूस आत्ता कुठे आहे, काय करतोय, सोबत कोण आहे, आणि त्याप्रमाणे वागायचं. बोलायला हे सोपं आहे. पण यंत्राने ‘ओळखायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे गणिताच्या भाषेत मांडायला गेलं की सगळं सुटायला लागतं. गादीवर वजन आहे आणि खोलीत हालचाल नाही, म्हणजे माणूस झोपलाय का? की नुसता छताकडे बघत पडलाय? की गेला? असल्या प्रश्नांसाठी आम्ही नियम लिहायचो आणि त्या नियमांमधून काय निघू शकतं आणि काय निघूच शकत नाही, ते सिद्ध करायचो. माझे मार्गदर्शक लेनिनग्राडहून आलेले तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. हिब्रू त्यांना माझ्यापेक्षाही उशिरा आलेली, त्यामुळे ते मोजकंच बोलत. ते म्हणायचे की यंत्राला काय कळतं हे सांगणारे पुष्कळ भेटतील, तू त्याला काय कळत नाही ते सांग.

सिद्धता कागदावर होत होत्या, पण खरं घर हवं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं असेल तर उत्तम, कारण प्रकल्पाचा हेतूच तो होता. माझ्या मनात पपांचं घर येणं साहजिकच होतं. भाऊही मागे लागला होता. आई गेल्यापासून तो पपांना अश्केलोनला चला म्हणत होता आणि ते येत नव्हते. घरात यंत्र बसलं तर निदान काही झालं तर कळेल, असं त्याचं म्हणणं होतं. पपा लगेच तयार झाले. मेकॅनिकचा हात होता. सेन्सर कुठे लावले तर स्वयंपाकघराचा कोपरा सुटणार नाही, हे त्यांनीच स्टुलावर चढून मला दाखवलं. खोल्यांमध्ये हालचाल टिपणारे छोटे सेन्सर, बाहेरच्या आणि शयनगृहाच्या दाराला एकेक, फ्रिजला एक, गादीखाली एक पट्टी, आणि या सगळ्यांचं ऐकणारा संगणक कपड्यांच्या कपाटात. काही काळजीचं दिसलं तर तो टेलिफोनच्या तारेवरून माझ्या मोबाइलला निरोप पाठवणार होता.

रविवारी आम्ही सगळं जोडलं. आठवडा सुरळीत गेला. शनिवारी सकाळी निरोप आला.

गादीवर रात्रभर कुणी झोपलेलं नाही, स्वयंपाकघरात कुणी गेलेलं नाही, दार उघडलेलं नाही. मी फोन करून उपयोग नव्हता, शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या विसाव्याच्या दिवशी, ते फोन उचलत नसत. मी गाडी काढली. बेअर-शेवा ते येरुहाम तो रस्ता मी त्या दिवशी कसा कापला ते मला आठवत नाही. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर पपा टेबलाशी खुर्चीत बसलेले. खांद्यावर प्रार्थनेची शाल, समोर मिटलेलं पुस्तक, ओठ सुकलेले. चेहरा नीट होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या डोक्याच्या वर, भिंतीकडे पाहिलं.

“पपा, काय होतंय?”

“काही नाही. बसलोय.”

“रात्रभर?”

त्यांनी बोटाने भिंतीवरचा सेन्सर दाखवला. मी एक पाऊल टाकलं तसा त्यातला लाल ठिपका लुकलुकला. इतर दिवशी घरात दिवे असायचे, त्यांच्या लक्षात आला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लावून ते वळले आणि त्या मंद उजेडात त्यांना तो दिसला. पाऊल टाकलं की ठिपका, पाऊल टाकलं की ठिपका.

“मी चाललो की ते लिहून घेतं,” ते म्हणाले. “शब्बाथला लिहू नये. हाताने नाही लिहिलं आणि पायाने लिहिलं, तर काय फरक पडला?”

नाइलाज झाला तेवढंच ते उठले होते. मशिदीत गेले नव्हते, कारण दारालाही सेन्सर होता. मशीद म्हणजे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनागृह. आमचे जुने बेने इस्रायली लोक, म्हणजे कोकणातले ज्यू, असंच म्हणत आले आणि पपांनी तो शब्द येरुहामलाही सोडला नाही. शब्बाथची एक प्रार्थना त्यांनी चुकवली असेल तर ती टायफॉइडमध्ये, असं आई सांगायची.

मी कपाटाकडे गेले, यंत्र बंद करायला. ते म्हणाले, “नको, बाय. माझ्यासाठी शब्बाथ मोडू नको.” मी तर गाडी चालवत आले होते, तीही शब्बाथला चालवायची नसते. ते त्यांना कळलं होतं, पण त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मला बंद कर असं सांगणंही त्यांना चालणारं नव्हतं आणि मी केलेलं बघणंही नाही. मी स्वयंपाकघरातून पाणी आणलं, शुक्रवारचा भात आणि मासे ताटात घातले. जाताना ठिपका, येताना ठिपका. ते खाली मान घालून जेवले. मग मीही त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले, आणि आकाशात तारे दिसेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मधे एकदा त्यांनी मला विचारलं की ठाण्याच्या घराच्या खिडकीला किती गज होते ते आठवतं का. मला आठवत नव्हतं, त्यांनाही नव्हतं.

शब्बाथ संपला, त्यांनी दिवा लावला, आशीर्वाद म्हटला. मला वाटलं आता म्हणतील की हे सगळं काढून ने. ते म्हणाले की सहा दिवस असू दे, तुझ्या भावाला झोप लागते. पण सातव्या दिवशी नको.

आम्ही त्यांच्या रब्बींकडे गेलो. मृदू बोलणारे, मोरोक्कोहून आलेले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले की आजारी माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर विचारायचंही कारण नाही, यंत्र चालूच ठेवावं, जीव वाचवायला शब्बाथ बाजूला ठेवावाच लागतो. धडधाकट माणसाच्या बाबतीत मात्र विद्वानांची मतं वेगवेगळी आहेत. काहींच्या मते माणूस आपला चालतोय, यंत्र काय करतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. पपा म्हणाले, “मी आजारी नाही.” रब्बी म्हणाले, “मग तुम्हाला कडक राहायचं असेल तर राहा, पण मुलीवर रागावू नका.”

मला वाटलं काम पाच मिनिटांचं आहे. शुक्रवारी सूर्यास्ताआधी यंत्राने स्वतःच ऐकणं थांबवायचं, शनिवारी तारे दिसल्यावर पुन्हा सुरू करायचं. वेळा दर आठवड्याला बदलतात, सण वेगळे, पण पंचांग यंत्राला शिकवता येतं. पुढच्या शनिवारसाठी मी तसं केलं. संध्याकाळी पपांनी फोनवर एवढंच विचारलं की आता परत सुरू झाल्यावर त्याला काय वाटतंय, मी दिवसभर काय केलं?

मी कपाटातल्या संगणकाशी माझ्या घरून जोडून पाहिलं. यंत्राने दिवस भरून काढला होता. बंद होताना शयनगृहाचं दार उघडं होतं, आता लोटलेलं होतं. गादीवरच्या पांघरुणाचं वजन सरकलं होतं. त्यावरून त्याने ठरवलं होतं की माणूस रात्री झोपला, सकाळी बाहेर गेला, दुपारी पुन्हा आडवा झाला. मधली रिकामी जागा अंदाजाने भरणं हा आमच्या मांडणीतला सगळ्यात अभिमानाचा भाग होता. सेन्सर बंद पडले, तारा तुटल्या, तरी आमचं घर माणसाला विसरत नाही, असं मीच एका परिषदेत सांगितलं होतं.

पपांना मी खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे त्याने डोळे मिटले होते, पण फटीतून बघत होतं.”

इथून माझा प्रबंध बदलला. मी प्राध्यापकांकडे गेले आणि सांगितलं की मला अशी मांडणी हवी आहे की ज्यात ठरावीक काळात यंत्राला काही कळलं नाही एवढंच नाही, तर त्या काळाबद्दल पुढेही कधी काही कळणार नाही, आणि हे मला सिद्ध करून हवं आहे. ते फळ्याकडे वळले. मग म्हणाले की दोन शनिवार कल्पून पाहा. एका शनिवारी तुझे वडील घरभर हिंडले, पाहुणे आले, जेवणं झाली. दुसऱ्या शनिवारी ते खुर्चीतून उठले नाहीत. दोन्ही शनिवार संपल्यावर यंत्राच्या पोटात जे काही आहे ते तंतोतंत एकच असलं पाहिजे. एका अक्षराचाही फरक नको. तसं असेल तरच त्याला काही कळलं नाही.

लष्करी गुपितं सांभाळणाऱ्या संगणकांसाठी असा विचार पूर्वी झालेला होता. घरासाठी, म्हाताऱ्या माणसासाठी, तो कुणी केल्याचं मला सापडलं नाही. त्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. दाराची आधीची आणि नंतरची स्थिती, गादीची, फ्रिजची, प्रत्येक गोष्ट जिच्यातून शनिवार बाहेर झिरपू शकतो, ती शोधून बंद करावी लागली. शब्बाथ संपल्यावर यंत्राने नव्याने जन्म घेतल्यासारखं सुरू व्हायचं आणि माणूस कुठे आहे ते नव्याने शिकायचं.

सिद्धता पूर्ण झाल्यावर दुसरी एक गोष्ट समोर आली, आणि ती सिद्ध करायला दोनच ओळी लागल्या. माणूस पडला तर यंत्राने कळवावं आणि माणूस चालला-बसला तर यंत्राला कळू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. पडणं हीही एक हालचाल आहे. तिसरा कल्पित शनिवार म्हणजे तो, ज्यात पपा पडतात. आणि तोही बाकीच्या शनिवारांसारखाच दिसला पाहिजे.

मी येरुहामला जाऊन पपांना ते समजावून सांगितलं. त्यांना गणित नको होतं, पण सर्किट कळायचं, म्हणून सर्किटसारखं सांगितलं. “पपा, शब्बाथला तुम्ही पडलात तर घर काहीच करणार नाही. तारे निघेपर्यंत कुणाला कळणार नाही.”

ते कोथिंबीर निवडत होते. निवडून झाली, पाटी बाजूला ठेवली. “मग नाही कळणार,” ते म्हणाले.

मी एक बटण आणलं होतं, दोरीने गळ्यात घालायचं. दाबलं की थेट रुग्णवाहिकेला फोन. जिवावर बेतलं तर शब्बाथलाही दाबता येईल असं रब्बींनी सांगितलं होतं. ते त्यांनी गळ्यात घातलं. शेजारच्या बाईंना, त्या मोरोक्कन कुटुंबातल्या विधवा होत्या, मी सांगून ठेवलं की शनिवारी दुपारी एकदा दार वाजवाल का. त्या आधीपासूनच वाजवत होत्या. रिकाम्या हाताने कधी यायच्या नाहीत, आणि पपांना त्यांच्या हातचं तिखट आवडायचं.

त्यानंतरचा काळ चांगला गेला. खरंच चांगला. पपा शुक्रवारी आंघोळ करून, दिवा लावून, सेन्सरचा ठिपका विझलेला आहे याची खात्री करून घेत आणि मग घरभर हिंडत. मी कधी शुक्रवारी मुक्कामाला गेले की ते मला मुद्दाम एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन दाखवत, लहान मूल नवे बूट दाखवतं तसे. एकदा बोलता बोलता म्हणाले की टेलिफोन खात्यात साहेब मागे उभा असायचा, कारखान्यात भोंगा आणि कार्ड होतं, आईच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरा होत्या. हा एक दिवसच काय तो कुणाच्या नोंदीत नसायचा.

ते पडले तो हिवाळा होता. नेगेवच्या थंडीत फरशी बर्फासारखी होते. सकाळी मशिदीतून आले, जेवले, हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. बटणाची दोरी भिजू नये म्हणून त्यांनी ती बेसिनवरच्या खुंटीला अडकवली होती, तिथे हात पोहोचला नाही. शेजारच्या बाई त्या शब्बाथला मुलीकडे अरादला गेल्या होत्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला ते आले नाहीत तेव्हा मशिदीतल्या लोकांना वाटलं, थंडी आहे, म्हातारा घरीच राहिला असेल.

शब्बाथ संपला आणि यंत्र नव्याने सुरू झालं. त्याने माणसाला शोधलं. खोल्यांत नाही, गादीवर नाही, दार बंद. माझा मोबाइल वाजला. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन केले, रुग्णवाहिका बोलावली आणि निघाले. मी पोचले तेव्हा त्यांना स्ट्रेचरवर घेत होते. अंगावर शेजाऱ्यांनी पांघरुणं टाकली होती. पपांनी मला ओळखलं. हात बर्फासारखा होता.

बेअर-शेवाच्या रुग्णालयात त्यांना दाखल केलं. हाड बसवता येईल, पण इतके तास थंड फरशीवर पडून राहिल्याने छाती भरली आहे आणि मूत्रपिंडांवर ताण आला आहे, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ अश्केलोनहून आला. वॉर्डाबाहेरच्या लांबट खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याने मला सगळं विचारून घेतलं, यंत्र किती वाजता बंद झालं, किती वाजता सुरू झालं. माझ्या संशोधनाबद्दल त्याला जुजबी माहिती होती. तो ओरडला नाही. हिब्रूत, हळू आवाजात म्हणाला, “लोक चुकून अशा गोष्टी करतात. तू तर सिद्ध केलंस, की कुणाला कळणार नाही.”

मला उत्तर देता आलं असतं. पपांना सगळं सांगितलं होतं, त्यांनीच तसं मागितलं होतं, हे खरंच होतं. पण आत ते धापा टाकत पडले असताना बाहेर उभं राहून मी बरोबर होते असं म्हणणं माझ्या जिभेवर आलं नाही. भाऊ त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला. आळीपाळीने आम्ही पलंगाशी बसायचो, एकाने उठायचं, दुसऱ्याने बसायचं.

शस्त्रक्रिया झाली. मधे काही दिवस पपा सावरले. एका दुपारी दोघंही तिथे होतो. भावाने त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि न राहवून विचारलं, “अब्बा, तिथे पडला होतात तेव्हा काय वाटत होतं?”

पपा आम्हा दोघांशी जन्मभर मराठीत बोलले. भावाने हिब्रूत विचारायचं, त्यांनी मराठीत सांगायचं, ही आमच्या घरची रीतच होती. त्या दुपारी मात्र ते हिब्रूत बोलले, कारखान्यात शिकलेल्या ओबडधोबड हिब्रूत, शब्द शोधत. मला वाटतं, त्यातला एकही शब्द निसटू नये अशी त्यांची इच्छा होती. ते म्हणाले की आधी पुष्कळ दुखलं, हाका मारल्या. बाहेर मुलं खेळत होती, ती त्यांना ऐकू येत होती, पण त्यांचा आवाज मुलांपर्यंत जात नव्हता. मग दुखणं बधिर झालं. न्हाणीघराच्या झरोक्यातून उजेड सरकताना दिसत होता. आईची आठवण आली. भीती वाटली का, तर वाटली.

“तुझ्या बहिणीने मला सांगितलं होतं,” ते भावाला म्हणाले. “स्पष्ट सांगितलं होतं. मी हो म्हणालो. मला एक दिवस पाहिजे होता, ज्या दिवशी मी कुठे आहे हे देवाशिवाय कुणाला ठाऊक नाही. तो मला मिळाला. पडलो तोही त्यातलाच दिवस होता.”

भाऊ म्हणाला, “आणि आम्ही? आम्हाला काय मिळालं?”

पपांनी त्याचं मनगट धरलं. भाऊ खाली वाकला, त्यांच्या हातावर कपाळ टेकवलं.

छातीचा संसर्ग उलटला. वसंत यायच्या आत ते गेले. आठवड्याच्या मधल्या एका वारी, आम्ही दोघं जवळ असताना.

‘शिवा’चे, म्हणजे ज्यू सुतकाचे, सात दिवस आम्ही येरुहामच्या फ्लॅटमध्ये जमिनीलगत बसून काढले. लोक येत होते, जात होते. कारखान्यातले जुने सोबती, मशिदीतली माणसं. शेजारच्या बाई रोज जेवण आणत आणि मीच नेमकी त्या दिवशी अरादला का गेले म्हणून रडत. भाऊ त्यांना समजावत होता की तुमचा काय दोष, तुम्ही मुलीकडे गेलात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, लोक ओसरल्यावर, तो माझ्याकडे वळला. म्हणाला, “ते दोन शनिवारांचं काय आहे, मला सांग.”

समोर चहाचे पेले होते. मी दोन पेले शेजारी ठेवले. हा एक शनिवार, हा दुसरा. यात हिंडले, यात बसून राहिले. शेवटी दोन्ही सारखे. तो लक्ष देऊन ऐकत होता, बँकेतलं काम ऐकावं तसा. मग त्याने स्वतःच तिसरा पेला उचलून शेजारी ठेवला.

“आणि हा तो.”

“हो.”

“हा तू त्यांना दाखवला होतास?”

“तो आधी दाखवला होता,” मी म्हटलं. “कोथिंबीर निवडत होते.”

तो हसला, आणि लगेच त्याचे डोळे भरले. म्हणाला की त्याला हे मान्य नाही, कधीच होणार नाही, त्याला विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं. मी म्हटलं की म्हणूनच त्यांनी तुला विचारलं नाही. त्याने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, आपल्या बापाला तो ओळखत होता म्हणून. पेले गोळा करून तो स्वयंपाकघरात धुवायला घेऊन गेला. त्यानंतर आमच्यात अबोला राहिला नाही.

प्रबंध मी पुढच्या वर्षी सादर केला. त्या दोन ओळींच्या सिद्धतेला मी वेगळं प्रकरण दिलं. प्राध्यापकांना ते जास्त वाटलं, पण त्यांनी काढायला सांगितलं नाही. परीक्षकांपैकी एकाने विचारलं की एवढी खटपट करून न कळणारं घर बांधण्यापेक्षा यंत्र नुसतं काढून का टाकलं नाही. मी म्हटलं की सहा दिवस पपांना ते हवं होतं. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

त्यानंतर प्रकल्पाला आणखी घरं मिळाली. पहिलं होतं बेअर-शेवातल्या एका इराकी वृद्धेचं. मुलं लांब, नवरा गेलेला, गुडघे धरलेले. त्यांच्या घरात सेन्सर लावायच्या आधी मी त्यांच्यासमोर बसले आणि शनिवारी यंत्र बंद किंवा चालू असे दोन्ही पर्याय सांगितले, प्रत्येकात पडल्यावर काय होईल तेही सांगितलं. कुणाच्या वतीने कुणी ठरवायचं नाही, राहणाऱ्यानेच ठरवायचं, हे मी आमच्या मांडणीतच घातलं होतं. त्या बाई शब्बाथ पाळणाऱ्या होत्या, दिवे लावायच्या, शनिवारी बटणाला हात लावायच्या नाहीत. त्याही शनिवार नको म्हणतील असं मला वाटलं.

“शनिवारीच तर पाहिजे,” त्या म्हणाल्या. “इतर दिवशी मदतनीस येते, टपालवाला येतो. शनिवारी या घरात मी आहे की नाही हे कुणाला ठाऊक असतं?”

रब्बींना विचारायचं का, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या की त्यांचं त्या बघतील. मी शब्बाथचा नियम त्यांच्या घरापुरता काढून टाकला, लाल ठिपक्यावर काळी पट्टी चिकटवली, आणि त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.